नागपूर की नागपुर: दोघांच्या दुरुस्त्या एका मजकुरात आणताना

एका ॲपची मराठी मजकुराची फाइल घ्या. तीत शहराचं नाव हिंदी वळणाने “नागपुर” असं पडलंय. आपल्याकडे दोन्ही भाषा एकाच टेबलावर चालतात, त्यामुळे ही चूक सर्रास होते. एकाच दुपारी ती दोघांच्या नजरेला पडते. एक जण मिहानमधल्या ऑफिसात, दुसरी धरमपेठेत घरून काम करणारी. दोघंही पहिला उकार खोडून दुसरा देतात.

दोघांनी हे गिटवर (फाइल्सचे बदल नोंदवून ठेवणारं टूल) आपापल्या ब्रँचमध्ये, म्हणजे कामाच्या स्वतंत्र फांदीत, केलं असेल तर मर्ज, म्हणजे फांद्या एकत्र करणं, निमूट होतो. दोन्हीकडे ओळ अगदी सारखी बदलली आहे, म्हणून गिट ती एकदाच घेतं. हेच दोघं लाइव्ह शेअर केलेल्या एडिटरमध्ये असतील आणि मधलं नेट दोन सेकंद अडखळलं असेल, तर दोघांच्याही पडद्यावर “नागपूूर” उमटतं. एक उकार खोडला गेला, पण दोन नवे आले. दोन्ही टूल आपापल्या नियमाला धरूनच वागली.

असं टूल बांधायला घेणाऱ्याने हे उदाहरण भिंतीवर चिकटवून ठेवावं. सगळ्यांच्या पडद्यावर एकच मजकूर येणं वेगळं आणि तो मजकूर बरोबर असणं वेगळं. पहिलं काम यंत्र करू शकतं. दुसऱ्यासाठी माणसाला विचारावंच लागतं, आणि विचारताना त्याच्यापुढे पुरेसं काहीतरी ठेवावं लागतं. बहुतेक टूल्स कमी पडतात ती इथे.

आधी गिटकडचं

गिटचा मर्ज तीन मजकुरांवर चालतो: दोन ब्रँच जिथून फुटल्या ते मूळ, आपली बाजू आणि समोरची बाजू. मूळ हे आपल्या नागपुरातल्या झीरो माईलच्या दगडासारखं, जिथून अंतरं मोजतात. तो दगड नसेल तर दोन गावांपैकी कुठलं किती लांब आहे ते सांगताच येणार नाही. एका फाइलमध्ये “शहर” ही ओळ आहे आणि दुसरीत नाही, तर ती एकाने घातली की दुसऱ्याने काढली? मूळ पाहिल्याशिवाय याला उत्तर नाही.

असं असूनही गिट कॉन्फ्लिक्ट, म्हणजे त्याला स्वतः न सोडवता आलेली टक्कर, दाखवताना हेच मूळ आपोआप लपवतं. नेहमीच्या पद्धतीत फक्त दोन बाजू दिसतात. म्हणून नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी “मर्ज डॉट कॉन्फ्लिक्टस्टाइल” ही सेटिंग “झेडडिफ३” करून टाकावी. गिट २.३५ पासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून ती आहे. त्याआधीच्या गिटवर “डिफ३” चालतं. मग कॉन्फ्लिक्ट असा दिसतो (वर आपली बाजू, मध्ये मूळ, खाली समोरची):

<<<<<<< हेड
"शहर": "नागपूर",
||||||| मूळ
"शहर": "नागपुर",
=======
"शहर": "नागपुर शहर",
>>>>>>> मजकूर-दुरुस्ती

मधला भाग दिसला की गोष्ट उलगडते. एकाने उकार सुधारला, दुसऱ्याने “शहर” जोडलं. दोन्ही हेतू खरे आहेत, उत्तर “नागपूर शहर”. मधला भाग नसता तर बहुतेकांनी एक बाजू ठेवून दुसरी उडवली असती आणि कोणाची तरी दुरुस्ती गुपचूप गेली असती. “डिफ३” आणि “झेडडिफ३” यांतला फरक छोटा आहे पण कामाचा आहे: दोन्ही बाजूंना सुरुवातीला वा शेवटी सारख्याच असलेल्या ओळी “झेडडिफ३” कॉन्फ्लिक्टच्या बाहेर काढतं, त्यामुळे वाचायला कमी उरतं.

स्वतःचं मर्ज टूल लिहीत असाल तर या खुणा वाचून भाग पाडत (पार्स करत) बसू नका. मजकुरातच सात बरोबरच्या चिन्हांची ओळ असू शकते, मार्कडाउनमध्ये तर मथळ्याखाली ती सहज येऊ शकते. कॉन्फ्लिक्ट झालेल्या फाइलच्या तीनही आवृत्त्या गिटच्या इंडेक्स नावाच्या नोंदवहीत वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात: १ म्हणजे मूळ, २ म्हणजे आपली, ३ म्हणजे समोरची. “गिट एलएस-फाइल्स -यू” दिल्यावर त्यांची यादी येते. तिथून तीन फाइल्स उचला आणि पडदा स्वतः मांडा. एखादा आकडा गैरहजर असला तर त्यालाही अर्थ आहे: १ आणि २ आहेत पण ३ नाही, म्हणजे समोरच्याने फाइल काढली आणि आपण ती बदलली.

पडद्यावर “आपलं” आणि “त्यांचं” असे शब्द लिहू नयेत, हे माझं ठाम मत आहे. रिबेस करताना गिट तुमचे कमिट (नोंदवलेले बदल) समोरच्या ब्रँचवर एकेक करून चढवतं, म्हणून तिथे हे दोन शब्द उलटे होतात: “आपलं” म्हणजे ज्याच्यावर चढवतोय ते, “त्यांचं” म्हणजे तुमचं स्वतःचं काम. कितीतरी चांगली माणसं इथे स्वतःचीच मेहनत पुसून बसतात. त्याऐवजी ब्रँचचं नाव, कमिटचा संदेश आणि लिहिणाऱ्याचं नाव दाखवा.

कॉन्फ्लिक्ट सोडवणं ही एक बाजू झाली. कित्येक कॉन्फ्लिक्ट फाइलच्या मांडणीतूनच जन्मतात. मेट्रोच्या स्टेशनांची यादी जेसन या माहिती लिहून ठेवायच्या पद्धतीत आहे असं धरा. एक जण शेवटी “प्रजापती नगर” जोडतो, दुसरी “लोकमान्य नगर”. जेसनमध्ये शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम चालत नाही, म्हणून दोघांनाही आधीच्या शेवटच्या ओळीला स्वल्पविराम द्यावा लागतो, आणि दोघांचीही नवी ओळ त्याच जागी येते. टक्कर अटळ. यादी वर्णक्रमाने ठेवली, एका ओळीवर एकच घटक ठेवला, तर दोन नव्या ओळी बहुधा दूर दूर पडतील. शेजारशेजारच्या ओळी बदलल्या तरी गिट कॉन्फ्लिक्टच दाखवतं, मध्ये निदान एक न बदललेली ओळ लागते, हे लक्षात असू द्या.

याहून घातक प्रकार कॉन्फ्लिक्ट न होता होतो. दोघांनी एकच कळ (वरच्या “शहर”सारखं नाव, ज्यावरून ॲप मजकूर शोधतं) फाइलच्या दोन वेगळ्या जागी घातली. गिटला काही खटकत नाही, मर्ज साफ. जेसन वाचणारे बहुतेक पार्सर दुहेरी कळ दिसली की मुकाट्याने शेवटची घेतात. पहिलीचा मजकूर ॲपमध्ये कधीच दिसत नाही. एकाने फंक्शनचं नाव बदललं आणि दुसऱ्याने जुन्या नावाने नवी हाक घातली, हाही त्याच जातीचा. म्हणून टेस्ट आपापल्या ब्रँचवर चालवून भागत नाही, मर्ज होऊन जे तयार होईल त्याच्यावर चालवाव्या लागतात. गिट २.३८ पासून “गिट मर्ज-ट्री --राइट-ट्री” आहे. ते कामाच्या फोल्डरला हात न लावता मर्जचा निकाल तयार करून देतं. सर्व्हरवर अशी तपासणी बांधायची तर तेच वापरा.

मजकुराच्या फाइल्ससाठी स्वतःचा मर्ज ड्रायव्हर, म्हणजे गिटऐवजी मर्ज करणारा छोटा प्रोग्राम, लिहिणं फार अवघड नाही. गिट तुमच्या प्रोग्रामला तीन तात्पुरत्या फाइल्स देतं: %ओ मूळ, %ए आपली, %बी समोरची. प्रत्येक कळीसाठी नियम चारच. आपली बाजू मुळासारखीच असेल तर समोरची घ्या. समोरची मुळासारखी असेल तर आपली. दोन्ही एकसारख्या बदलल्या असतील तर ती एकदा. बाकी सगळं कॉन्फ्लिक्ट, आणि एकाने काढलेली पण दुसऱ्याने बदललेली कळही याच खात्यात. निकाल %ए याच फाइलवर लिहायचा. साफ झालं तर शून्य परत करा, कॉन्फ्लिक्ट असेल तर शून्याहून मोठा आकडा, पण १२८ च्या पुढचा नको, तो गिट ड्रायव्हर कोसळल्याची खूण मानतं. मुळातच दुहेरी कळ आहे का ते सुरुवातीलाच तपासा. नाहीतर पार्स करतानाच एक मजकूर गळून जाईल आणि तुमचाच ड्रायव्हर तो खाईल.

इथे फसण्याची जागा अशी: कुठल्या फाइलला कुठला ड्रायव्हर, हे गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये लिहिलं जातं आणि ते रिपॉझिटरीसोबत (प्रोजेक्टच्या साठ्यासोबत) सगळ्यांकडे जातं. ड्रायव्हर म्हणजे नेमकी कुठली आज्ञा, हे मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये असतं. ज्याने ते बसवलं नाही त्याच्याकडे गिट काही न बोलता नेहमीचा ओळीओळीचा मर्ज करतं. तेव्हा प्रोजेक्ट उभारण्याच्या स्क्रिप्टमध्येच ती सेटिंग टाका, आणि वेबसाइटवरचं मर्जचं बटण तुमच्या मशीनवरचा ड्रायव्हर चालवत नाही हे टीमला सांगून ठेवा.

पॅकेज-लॉक फाइल (कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती, ही टूलनेच लिहिलेली यादी) हाताने जोडण्यात वेळ घालवू नका. एक बाजू घ्या, मूळ पॅकेज फाइलमधला कॉन्फ्लिक्ट नीट सोडवा आणि लॉक नव्याने तयार करून घ्या. तोच कॉन्फ्लिक्ट रोज रिबेसला भेटत असेल तर गिटचं “रीरीर” चालू करा. तुम्ही दिलेलं उत्तर ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी स्वतः लावतं. चुकीचं उत्तर दिलंत तर तेही इमानाने लक्षात ठेवतं, तेव्हा त्या फाइलवर “गिट रीरीर फर्गेट” चालवा.

आता लाइव्ह

लाइव्ह एडिटरमध्ये ओळ हे माप चालत नाही, प्रत्येक दाबलेली कळ प्रवास करते. “बर्डी चौक” हा मजकूर दोघांसमोर आहे. पहिला सुरुवातीला “सीता” घालतो. त्याच क्षणी दुसरी शेवटचं “ चौक” खोडते: जागा ५ पासून ४ चिन्हं. पहिल्याकडे मजकूर आता “सीताबर्डी चौक” झाला आहे. दुसरीची आज्ञा जशीच्या तशी लावली तर खोडलं जाईल “र्डी”, आणि उरेल “सीताब चौक”. तिची जागा ५ वरून ९ करून घ्यावी लागते.

ही जागा बदलून घेण्याची रीत म्हणजे ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन, ओटी. एलिस आणि गिब्ज यांनी १९८९ साली ती मांडली. मध्ये एक सर्व्हर ठेवून क्रम त्याच्याच हाती दिला की काम पुष्कळ सोपं होतं, हे १९९५ च्या ज्युपिटर प्रणालीने दाखवलं. क्लायंटने (लिहिणाऱ्याच्या मशीनवरच्या एडिटरने) एका वेळी एकच आज्ञा सर्व्हरकडे पाठवायची, पोच येईपर्यंत पुढचं टायपिंग साठवून ठेवायचं, आणि तेवढ्यात सर्व्हरकडून आलेलं त्याच्याविरुद्ध फिरवून घ्यायचं. सर्व्हर काढून टाकला आणि तीन जण थेट एकमेकांशी बोलू लागले की ओटीचं गणित फार नाजूक होतं. प्रसिद्ध झालेल्या कित्येक पद्धतींत नंतर चुका सापडल्या. सर्व्हर असणारच असेल तर ओटी आजही चांगली निवड आहे.

दुसरा मार्ग सीआरडीटी. इथे जागेचा आकडा टाकून देतात आणि प्रत्येक चिन्हाला कायमची ओळख मिळते: कोणी लिहिलं, त्याचं कितवं, कुणाच्या मागे. खोडलेलं चिन्ह जागेवरून हलत नाही, त्याला फक्त “खोडलं” अशी खूण लागते. वायजेएस आणि ऑटोमर्ज या दोन लायब्ररी आज सर्वांत जास्त दिसतात. विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसून रात्रभर नेटशिवाय लिहिलं आणि सकाळी मुंबईत जोडणी झाली, किंवा मे महिन्यात वीज गेली आणि राउटर तासभर बंद राहिला, तरी नंतर सगळं जुळतं. तासभर दोघांनी एकच परिच्छेद वेगवेगळा लिहिला असेल तर मात्र जुळलेला मजकूर वाचण्यासारखा राहीलच असं नाही. म्हणून मोठ्या खंडानंतर जोडणी झाली की दोन्ही बाजूंनी बदललेले परिच्छेद गिटसारखे मूळ, एक, दोन असे समोर ठेवावेत. ऑटोमर्जकडे सगळा इतिहास असतो, तो वापरा; वायजेएस मात्र खोडलेला मजकूर आपोआप टाकून देतं, तो हवा असेल तर ती सफाई (जीसी) बंद ठेवावी लागते.

वायजेएस वापरताना पहिल्याच आठवड्यात भेटणारी चूक अशी: कागद रिकामा दिसला तर त्यात सुरुवातीचा साचा घालायचा, असा कोड प्रत्येक क्लायंटमध्ये लिहिलेला असतो. दोघांनी एकदमच कागद उघडला, सर्व्हरचा मजकूर अजून यायचाय, दोघांनाही तो रिकामा वाटला. साचा दोनदा. तो साचा सर्व्हरवर एकदाच, कागद तयार होतानाच घाला.

दुसरी चूक अन-डूची. माझ्या अन-डूने माझंच शेवटचं लिहिणं मागे जायला हवं, शेजाऱ्याचं नाही. वायजेएसच्या अन-डू मॅनेजरला कुठल्या उगमाचे बदल धरायचे ते सांगावं लागतं. कर्सर कुठे आहे ही माहिती कागदाच्या इतिहासात कधीच घालू नका, त्यासाठी अवेअरनेस नावाची वेगळी वाट आहे, तिथे ३० सेकंद खबर आली नाही की माणूस गेला असं धरतात. आणि कर्सरची जागा आकड्याने न ठेवता शेजारच्या चिन्हाच्या ओळखीने ठेवा, म्हणजे वर कोणी परिच्छेद घातला तरी तो सरकत नाही.

चिन्ह म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत लिहिणारी माणसं हा प्रश्न टाळू शकतात, आपण नाही. “क्षि” हे वाचणाऱ्याला एक अक्षर. युनिकोडमध्ये ती चार चिन्हं: क, पाय मोडायची खूण, ष, पहिली वेलांटी. यूटीएफ-८ या साठवणीच्या रीतीत बारा बाइट. जावास्क्रिप्ट ४ म्हणते, पायथन ४ म्हणतं, गो आणि रस्ट लांबी विचारल्यावर १२ सांगतात. ब्राउझर जावास्क्रिप्टमध्ये आणि सर्व्हर गोमध्ये असेल तर पहिल्या मराठी शब्दालाच जागा चुकतात. निदान चूक लगेच तरी दिसते. जावास्क्रिप्ट आणि पायथन या जोडीत ती लपून राहते, कारण देवनागरीत दोघांचा हिशेब जुळतो. मग कोणीतरी कमेंटमध्ये 🙏 टाकतं. जावास्क्रिप्टसाठी ती दोन घटकांची, पायथनसाठी एकाच चिन्हाची, आणि तिच्यापुढचा प्रत्येक बदल एका घराने सरकतो. प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर एकच माप लिहून ठेवा आणि सीमेवर बदलून घ्या. टेस्टमध्ये “क्षि”, “नागपूर 🙏” आणि “दुसऱ्या” हे तिन्ही असलेच पाहिजेत.

“दुसऱ्या” का? त्यातला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक म्हणजे नुक्तावाला ऱ आणि पाय मोडायची खूण. दुसरी जुनी रीत: साधा र, पाय मोडायची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे. डिफ, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणारा पडदा, मात्र ओळ लाल-हिरवी करतो आणि वाचणाऱ्याला काय बदललं ते कळत नाही. “ॲप” चंही तसंच: एकच चिन्ह ॲ, किंवा अ वर वेगळा अर्धचंद्र. एनएफसी, म्हणजे युनिकोडची एकसारखं करून घेण्याची रीत, लावली की सगळं सारखं होईल असं बरेच जण धरून चालतात. साधा र आणि नुक्ता असे सुटे असतील तर ते ऱ मध्ये जुळतात, पण वरच्या दोन्ही जोड्या तशाच राहतात. त्यासाठी स्वतःचा दोन ओळींचा नियम कमिटच्या आधी चालवावा लागतो. डिफच्या पडद्यावर “फक्त लिहिण्याची तऱ्हा बदलली, दिसणं तेच” अशी पाटी दाखवणारं टूल मराठीत काम करणाऱ्याला फार उपयोगी पडेल.

टायपिंगचंही एक दुखणं आहे. फोनवर किंवा रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना शब्द पुरा होईपर्यंत कीबोर्ड तो स्वतःकडे धरून ठेवतो. ब्राउझर “कंपोझिशन-स्टार्ट” ते “कंपोझिशन-एंड” या दोन इव्हेंटने त्याची खबर देतो. मधल्या काळात त्याच परिच्छेदात दुसऱ्याचा बदल आणून पडद्यावर बसवला की धरलेला शब्द तुटतो किंवा दोनदा उमटतो. बदल मॉडेलमध्ये (आतल्या प्रतीत) घ्या, पण त्या परिच्छेदाचा पडदा शब्द संपेपर्यंत थांबवा. संगणकाच्या साध्या इंग्रजी कीबोर्डवर तपासून हे सापडणार नाही.

आता परत “नागपूूर”. याची धाकटी बहीण आणखी वाईट आहे: एकाने “पुर” खोडून “नागनदी” केलं, त्याच वेळी दुसरीने त्याच पु चा उकार दीर्घ केला. प गेला, नवा ऊकार उरला, आणि तो भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतो किंवा ठिपक्यांच्या गोलावर लोंबतो. यावर एक उपाय म्हणजे मात्रा बदलली तरी सबंध अक्षरच बदललं असं पाठवायचं. मग निकाल “नागपूपूर” येतो. तोही चुकीचाच, पण वाचता येतो आणि डोळ्याला लगेच खटकतो. मला हा सौदा पटतो.

दुहेरी मात्रा आपोआप पुसून टाकावी असा मोह होतो. तसं करायचंच असेल तर दुरुस्ती फक्त खोडण्याची असावी, नवं काही घालण्याची नको. एकच ओळख असलेलं चिन्ह पाच जणांनी खोडलं तरी ते एकदाच खोडलं जातं, पाच जणांनी घातलेली दुरुस्ती मात्र पाचदा दिसते. तरीही धोका राहतो: दोन क्लायंटकडे त्या क्षणी वेगवेगळी माहिती असेल तर एक पहिला ऊकार खोडेल, दुसरा दुसरा, आणि शेवटी “नागपर” उरेल. म्हणून खाली लाल रेघ मारावी, टिचकी मारल्यावर दोघांनी काय केलं ते दाखवावं, आणि खोडणं माणसावर सोडावं.

तपासणीसाठी हाताने लिहिलेल्या टेस्ट पुरत नाहीत. तीन प्रती घ्या, दोन पुरणार नाहीत, कारण क्रमाच्या कित्येक चुका तिसऱ्या प्रतीशिवाय उघड होत नाहीत. प्रत्येकीवर यादृच्छिक घालणं-खोडणं, मध्येच यादृच्छिक जोडण्या, शेवटी सगळ्यांची गाठ आणि मजकूर सारखा आहे का ते पाहणं. अक्षरं निवडताना पाय मोडायची खूण, वेलांट्या, उकार आणि अदृश्य जोडचिन्ह मुद्दाम जास्त पेरा. चूक सापडली की त्या फेरीचा बीज-आकडा (यादृच्छिक निवडी ज्यावरून निघाल्या तो) नोंदवा, नाहीतर ती पुन्हा हाती लागणार नाही. सारखेपणाची तपासणी पास झाली की दुसरी लावा: निराधार मात्रा किती, दुहेरी मात्रा किती. ही दुसरी तपासणी इंग्रजीसाठी बनलेल्या लायब्ररीत सहसा तयार मिळत नाही, ती आपल्यालाच लिहावी लागते.